भाकरी चावते

दीप्ती प्रकाशोपचार संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर सगळे दिवे मंद पिवळे असत. लाल प्रकाशाला तिथं बंदी होती. लाल प्रकाश ही संस्थेची देवता, आणि देवतेला कुणी गाभाऱ्याबाहेर मोकळं सोडत नाही. एकदा लाल साडी नेसून कामावर आलेल्या मदतनीस बाईला संचालक डॉ. शंतनू केळुसकर यांनी जिन्यावरूनच परत पाठवलं होतं. साडीतून प्रकाश निघत नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण माणूस परत पाठवण्यात त्यांना एक सुख होतं, आणि सुखाच्या आड ते विज्ञानाला येऊ देत नसत.

संस्था सोलापूरहून मंगळवेढ्याकडे जाताना माळावर लागते. इमारतीला म्हणे उमलत्या कमळाचा आकार दिला आहे. आजूबाजूच्या गावांतल्या बायका तिला पालथी पाटी म्हणतात. दारावर पुरुषभर उंचीची अक्षरं आहेत, 'एकदा प्रकाश, जन्मभर आठवण'. हे वाक्य केळुसकरांचं. खाली त्यांचं नावही आहे, वाक्यापेक्षा थोडं मोठ्या अक्षरात.

डॉ. नसीमा मुजावर मिरजेची. प्रतिकारशास्त्रज्ञ म्हणून तिथं रुजू होऊन तिला चार महिने झाले होते, आणि त्या मंगळवारी सकाळी ती तळमजल्यावरच्या तक्रारवर्गकाची यादी वाचत बसली होती. तक्रारवर्गक हे एक यंत्र होतं. रुग्णानं त्याच्यापुढं बसून आपलं दुखणं बोलायचं, यंत्रानं ते ऐकून योग्य त्या खणात टाकायचं. डॉक्टरांचा वेळ वाचावा म्हणून ते आणलं होतं. वाचलेल्या वेळाचं डॉक्टर काय करत, ते यंत्रात नोंदलेलं नव्हतं.

यादीतल्या एका ओळीवर नसीमा थांबली. रुग्ण अनसाबाई काळुंगे, वय अठ्ठावन्न. तक्रार: 'भाकर चावती.' यंत्रानं बाईंना उलट विचारलं होतं, चावणारा प्राणी पाळीव होता का. बाईंनी उत्तर दिलं होतं, "चाळीस वरसं पाळलाय." मग यंत्रानं त्यांना जखम साबणानं धुवायला सांगून रवाना केलं होतं.

नसीमा हसली. मग तिनं मागची पानं काढली, आणि तिचं हसू गेलं. भाकर चावती. जोंधळा डसतो. घास तोंडात घेतला की ओठ फुगतो. गळ्याला आतनं खाज येते. कुणी कासेगावचं, कुणी बोराळ्याचं, कुणी माचणूरचं. एकमेकांना न भेटलेली माणसं एकच गोष्ट सांगत होती, आणि यंत्र ती नेमानं 'काल्पनिक' या खणात टाकत होतं.

अनसाबाई दुसऱ्या मजल्यावर होत्या. सकाळीच त्यांच्या शिरेतून लक्ष्यरंग, म्हणजे प्रकाश पडला की पेटणारं औषध, दिला गेला होता, त्यामुळे खिडक्यांना काळे पडदे होते. त्या अंधुक खोलीत त्या पाय खाली सोडून बसल्या होत्या, आणि शेजारी त्यांची जाऊ सुलाबाई पिशवी मांडीवर घेऊन. सहा महिन्यांपूर्वी जिभेच्या मुळाशी कर्करोगाची बोराएवढी गाठ होती. पहिल्या प्रकाशानं ती तांदळाच्या दाण्याएवढी राहिली. तो दाणा आता पुन्हा वाढायला लागला होता. रंग तीन दिवस टिकतो, म्हणून गुरुवारी दुसरा प्रकाश द्यायचा ठरलं होतं. तो हुकला, तर जीभ मुळापासून काढण्यावाचून दुसरा इलाज उरणार नव्हता. संस्थेत दुसऱ्यांदा प्रकाश घेणाऱ्या अनसाबाई पहिल्याच.

नसीमानं स्टूल ओढून घेतलं आणि विचारलं, "मावशी, भाकरी चावते म्हणजे नक्की काय होतं?"

अनसाबाईंनी तिच्याकडं नीट बघून घेतलं. या इमारतीत प्रश्न विचारून उत्तराला थांबणारं माणूस त्यांना नवं होतं.

"घास घेतला की आदी ओठ गरम होत्यात. मग जीब जड. मग गळ्यात कुणी कुसळं भरल्यावाणी."

"भात खाल्ल्यावर?"

"भात गरीब. काय करत न्हाय."

"बाजरीची भाकरी?"

"न्हाय चावत. म्हणून तर म्हणते, दात जोंधळ्यालाच फुटल्यात."

"तवा बदलून बघितला का?" नसीमानं विचारलं, आणि स्वतःच्या प्रश्नाची तिला जरा लाज वाटली. कारण बाईंनी तवा बदलला होता, पाणी बदललं होतं, जावेच्या हातची खाऊन बघितली होती, मामाच्या गावचा जोंधळा आणून बघितला होता, आणि शेवटी भाकरी न करता नुसत्या कण्या शिजवूनही बघितल्या होत्या. जोंधळा कुठल्याही रूपात आला की चावायचा. प्रयोगशाळेत ज्याला तुलनात्मक चाचणी म्हणतात, ती या बाईंनी चुलीपुढं बसून सहा महिने केली होती. फक्त तिच्यावर निबंध लिहिला नव्हता. ओवी मात्र रचली होती. सुलाबाईनं कोपर मारून ती म्हणायला लावली, आणि अनसाबाईंनी जाड झालेल्या जिभेनं, अडखळत म्हटली:

पेरिला कुरीनं गं, राखिला गोफणीनं
जोंधळा बाई माझा, चावितो वैरीपणानं.

"चांगली हाय, पण आजारपणात कुणी गाणी रचतं का," सुलाबाई म्हणाली. "मोठ्या सायबांनी ऐकलं तर वेड्याच्या दवाखान्यात धाडतील. तिकडं बी हितल्यावाणी तोंडात लेप लावत्याल."

"तुला बी धाडू संगं," अनसाबाई म्हणाल्या. "सोबत हुईल."

मग नसीमानं त्यांच्या हाताच्या आतल्या बाजूला सुईनं दोन बारीक ओरखडे काढले. एकावर बाजरीच्या पिठाचं पाणी टेकवलं, एकावर ज्वारीच्या. बाजरीचा ओरखडा तसाच राहिला. ज्वारीच्या ओरखड्याभोवती पंधरा मिनिटांत रुपयाएवढी गांध उठली, लाल, कडेनं पांढरी. नसीमानं तोच प्रयोग स्वतःच्या हातावर करून बघितला. काही उठलं नाही.

तिला आता ज्वारीची काळजी नव्हती. काळजी गुरुवारची होती. प्रकाश देताना जबडा वीस मिनिटं उघडा धरून तोंडात आणि घशात जो लेप थापला जातो, तो ज्वारीचाच होता.

*

केळुसकरांच्या दालनात एक भिंत पूर्ण छायाचित्रांची होती. मंत्र्यांबरोबर केळुसकर, परदेशी पाहुण्यांबरोबर केळुसकर, पुरस्कार घेताना केळुसकर, तोच पुरस्कार बाजूनं घेताना केळुसकर. ते मूळचे वेंगुर्ल्याकडचे. इकडे येऊन अकरा वर्षं झाली, तरी या मुलखाला ते अजून 'तुमचा हा दुष्काळी भाग' म्हणत. जेवायला त्यांना भात आणि मासे लागत. मासे विमानानं येत.

नसीमानं सांगायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी हात वर केला. कुणीही काही सांगू लागलं की आधी आपण सांगायचं, ही त्यांची पद्धत होती.

"मुजावर मॅडम, मुळापासून बघू. लक्ष्यरंग कर्कपेशीला चिकटतो. फक्त कर्कपेशीला. तो बसवलाय माणसाच्याच प्रथिनावर, त्यामुळे शरीर त्याला घरचा मानतं. त्यावर आपला लाल प्रकाश पडला की रंग पेटतो, पेशी फुटते. रंग नाही तिथं काही होत नाही. निरोगी तोंडात हा प्रकाश म्हणजे टॉर्च. बरोबर?"

"बरोबर."

"पेशी फुटली की शरीराच्या सैनिकपेशी धावत येतात. आपण सोबत साक्षीद्रव्य दिलेलं असतं, त्यानं त्यांची स्मरणशक्ती शंभर पट होते. त्या शत्रूचा चेहरा ओळखून ठेवतात. जन्मभर विसरत नाहीत. जगात हे कुणाला जमलं नव्हतं. आपल्याला जमलं."

"सर, पण सैनिकपेशींना शत्रूचा चेहरा आधीपासून माहीत नसतो," नसीमा म्हणाली. "मारामारी झाल्यावर पोलीस पंचनामा करतात, तसं आहे हे. ज्यानं सुरा मारला त्याचं नाव लिहितातच. पण त्या वेळी तिथं जो उभा होता, त्याचंही लिहितात. पेशी फुटते त्या क्षणी त्या जागेवर जे काही परकं असेल, ते शत्रूच्या यादीत जातं. एरवी ती नावं शरीर काही दिवसांत खोडतं. साक्षीद्रव्यामुळे ते आता खोडत नाही."

"मग?"

"त्या क्षणी त्या जागेवर आपला लेप असतो."

केळुसकर खुर्चीत मागं रेलले. लेप हा त्यांचा हळवा कोपरा होता. तोंडाची आतली कातडी ओली आणि उंचसखल, तिच्यावर प्रकाश विखुरतो. तो सरळ आत उतरावा म्हणून पूर्वी परदेशी लेप यायचा. केळुसकरांनी मंगळवेढ्याच्या ज्वारीतल्या प्रथिनापासून काचेसारखा पारदर्शक किरणवाही लेप बनवला, आणि त्यावर त्यांना 'मातीचा सुपुत्र' असा किताब मिळाला. ज्या मातीत त्यांनी बूट काढून कधी पाय ठेवला नव्हता, तिचा.

"म्हणजे आमच्या रुग्णांना ज्वारीचं वावडं झालंय, आणि ते मी केलंय," ते म्हणाले. त्यांचा आवाज अगदी मऊ होता.

"लेपानं केलंय, सर."

त्यांनी पडद्यावर एक तक्ता लावला. एकशे सतरा रुग्ण. खेड्यातले त्रेसष्ट, त्यांपैकी एक्केचाळीस जणांची तक्रार. शहरातले चोपन्न, तक्रार एकाची.

"लेप सगळ्यांना एकच. मग शहरातल्यांना काही का होत नाही? सांगतो. शहरातला माणूस सांगितलेलं ऐकतो. ही मंडळी घरी गेल्या दिवसापासून पुन्हा मिश्री लावतात, तंबाखू धरतात, आणि तोंड सोललं की भाकरीवर ढकलतात. मी अकरा वर्षं बघतोय यांना. खोटं बोलताना यांची पापणी लवत नाही."

नसीमानं तक्त्याकडं बघितलं. त्यात गाव होतं, वय होतं, व्यसन होतं, जात नको नको म्हणत तीही एका रकान्यात होती. ही माणसं काय जेवतात, ते मात्र कुणी विचारलं नव्हतं. शहरातले पोळी नाहीतर भात खातात, ज्वारी त्यांच्या ताटात महिना महिना येत नाही, हे या तक्त्याला कळायला मार्गच नव्हता.

"शहरातला तो एकजण कोण, सर?"

त्यांनी नाइलाजानं नाव उघडलं. पुण्याचा अभियंता. जानेवारीत मित्रांबरोबर शेतावर हुरडा खायला गेला असता घसा बंद झाल्याची तक्रार. खाली केळुसकरांचा शेरा: शेकोटीचा धूर.

कोवळ्या ज्वारीची भाजलेली कणसं हातावर चोळून खातात, त्याला हुरडा म्हणतात हे या माणसाला अकरा वर्षांत कुणी सांगितलं नसेल का, असा विचार नसीमाच्या मनात आला. मग तिला वाटलं, सांगितलं असेल. यांनी हात वर केला असेल.

तिनं मागणी सोपी करून ठेवली होती. गुरुवारी अनसाबाईंना प्रकाश द्यायचाच. फक्त लेपाऐवजी मिठाच्या पाण्यानं भरलेली पातळ पारदर्शक पिशवी गाठीवर टेकवायची. प्रकाश थोडा जास्त वेळ द्यावा लागेल, एवढंच. लेप लावला, तर उघड्या जबड्यात, जिभेच्या मुळाशी, श्वासाच्या वाटेवरच सूज येईल. बाई खुर्चीत गुदमरतील.

केळुसकर म्हणाले, गुरुवारी राष्ट्रीय निरीक्षण समिती येते आहे. देशभर या लेपाला परवानगी द्यायची का, ते ठरवायला येते आहे. आणि तिच्यापुढं तुम्ही मिठाच्या पाण्याची पिशवी धरणार?

मग त्यांनी तिला एका हातावरच्या एका गांधेची किंमत विज्ञानात किती असते, ते सात मिनिटं समजावलं. परवानगीशिवाय सुई टोचल्याबद्दल लेखी खुलासा मागितला. आणि ती दाराशी पोचली तेव्हा, जणू मोठ्या मनानं, म्हणाले, "त्या बाईच्या ओव्यांवर संशोधन करायचं असेल, तर विद्यापीठात मराठी विभाग आहे."

*

बुधवारी दुपारी नसीमानं अनसाबाईंना सगळं सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता, जीव त्यांचा होता. सुलाबाई तेवढ्यात पिशवी आवरू लागली. अनसाबाईंनी तिला थांबवलं.

"घरी जाऊन काय करू? जीब कापून घेऊ? न्हाय घेतला परकाश तर जीब जाती, घेतला तर जीव जातो म्हणती ही. म्हंजे परकाश वाईट न्हाय. लेप वाईट. मग लेप कशाला लावायचा?"

"मोठ्या साहेबांचा आहे म्हणून," नसीमा म्हणाली.

अनसाबाईंनी विचारलं, मोठ्या सायबांना काय वाटतं, भाकर का चावती. नसीमाला सांगावं लागलं, की त्यांच्या मते तुम्ही चोरून मिश्री लावता.

बाईंचा चेहरा एवढा वेळ शांत होता, तो आता बदलला. गाठ कळली त्या दिवशी त्यांनी मिश्रीची डबी स्वतःच्या हातानं उकिरड्यात पुरली होती. पहिले आठ दिवस डोकं फुटायची वेळ आली होती. डबी उकरून काढायला त्या दोनदा उकिरड्यापर्यंत जाऊन रिकाम्या हातानं परत आल्या होत्या. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलं नव्हतं.

"बाई, मरायचं भ्या न्हाय मला," त्या म्हणाल्या. "पर मेल्यावर ह्यो माणूस कागदावर मिश्री लिहील. ते नगं."

*

गुरुवारी सकाळी दहा वाजता समिती आली. तिघं जण, अध्यक्षा एक करड्या केसांच्या अबोल बाई, मूळच्या नागपूरच्या. केळुसकरांनी त्यांना इमारत दाखवली, भिंत दाखवली, वाक्य दाखवलं. मग सगळे प्रकाशदालनात आले.

अनसाबाई खुर्चीत होत्या. जबडा उघडा धरणारा आकडा लागला होता, त्यामुळे बोलता येत नव्हतं. डोळ्यांवर काळी पट्टी अजून बांधायची होती. लेपाची वाटी ट्रेमध्ये होती, मधासारखी चमकत. नसीमा भिंतीला लागून उभी होती. तिच्या झग्याच्या खिशात सूज उतरवणाऱ्या अ‍ॅड्रिनलिनची भरलेली सुई होती. काही झालंच तर निदान ती असावी म्हणून तिनं सकाळी भरून घेतली होती. पण घसा मुळाशी बंद झाला तर सुई पुरते न पुरते, हेही तिला ठाऊक होतं.

परिचारिकेनं वाटी उचलली तेव्हा नसीमा पुढं झाली आणि तिनं अध्यक्षाबाईंना सरळ सांगितलं, की हा लेप या रुग्णाला दुसऱ्यांदा लावू नये. का, आणि त्याऐवजी मिठाच्या पाण्याची पिशवी कशी चालेल, तेही तिनं चार वाक्यांत सांगितलं.

केळुसकर रागावले नाहीत. उलट त्यांच्या चेहऱ्यावर एक दयाळू हसू आलं. पुरस्काराच्या छायाचित्रात असतं तेच.

"आमच्या तरुण सहकारी हळव्या आहेत," ते म्हणाले. "ऐकीव गोष्टींवर त्यांचा फार विश्वास. मी दोन वाक्यांत विषय संपवतो. पाच वर्षांपूर्वी उद्घाटनाच्या दिवशी या खुर्चीत पहिला बसलो तो मी. लोकांची भीती जावी म्हणून. लक्ष्यरंग घेतला, साक्षीद्रव्य घेतलं, तोंडभर हाच लेप लावून वीस मिनिटं प्रकाश घेतला. मॅडमचं म्हणणं खरं असेल तर या लेपाचा मी शत्रू असायला हवा."

आणि त्यांनी दोन बोटं वाटीत बुडवून लेप आपल्या हिरड्यांवर, गालाच्या आत, जिभेखाली चोळला. अगदी मिश्री चोळतात तसा. दालनात ते एका माणसालाच जाणवलं, आणि तिच्या जबड्याला आकडा होता.

"आता पाच मिनिटं थांबू," ते म्हणाले. "तोवर मी समितीला आकडेवारी सांगतो."

नसीमाला खाली मान घालावीशी वाटली. त्यांच्या प्रयोगानं काहीच सिद्ध होणार नव्हतं. निरोगी तोंडात रंग चिकटत नाही, पेशी फुटत नाही, फुटली नाही तर सैनिकपेशी येत नाहीत, पंचनामाच होत नाही. हा माणूस सगळी वाटी चाटून पुसून खाईल आणि ढेकर देईल. मग तीच वाटी भरून अनसाबाईंच्या घशात जाईल. तिनं हे मोठ्यानं सांगायला तोंड उघडलं.

तेवढ्यात केळुसकरांनी डावा तळहात खाजवला.

त्यांचं आकडेवारीतलं 'एक्याण्णव टक्के' जरा जाड आलं. त्यांनी खाकरून ते पुन्हा म्हटलं, तेव्हा ते आणखी जाड आलं. खालचा ओठ एका बाजूला उतरला, मग फुगला, मग वरचा. गळ्यावर लाल गांधी चढल्या. ते काहीतरी सांगत राहिले. सवय होती. पण शब्द आता तोंडातच वळत होते. मग शब्दही थांबले आणि नुसती शिट्टीसारखी हवा आली, आणि संचालक शंतनू केळुसकर लेपाच्या ट्रेसकट खाली बसले.

नसीमानं खिशातली सुई काढून त्यांच्या मांडीत, कपड्यावरूनच, मारली. ती सुई तिनं दुसऱ्याच कुणासाठी भरली होती. पण हात थांबला नाही. श्वासाची नळी घालावी लागली. त्यांना उचलून नेलं. मग अध्यक्षाबाईंनी सांडलेल्या लेपावरून पाय उचलून ठेवत, पहिल्यांदाच प्रश्न विचारला.

"त्या पिशवीला किती वेळ लागेल?"

पिशवी तयार होती. मंगळवारीच करून ठेवली होती.

दुपारी एक वाजता अनसाबाईंना प्रकाश दिला. वीसऐवजी एकतीस मिनिटं लागली. जिभेच्या मुळाशी मिठाच्या पाण्याची ती छोटी थैली टेकली होती आणि तिच्यातून लाल उजेड आत झिरपत होता, रांजणातून पाणी पाझरावं तसा. ओठ फुगला नाही. श्वास एकसारखा चालला होता. रंगाची चमक हळूहळू विझत गेली, म्हणजे पेशी फुटत होत्या. पडद्यावरचा तांदळाचा दाणा काळा पडला. नसीमानं तो तीनदा तपासला.

आकडा काढल्यावर अनसाबाईंना बोलायची मनाई होती. त्यांनी पाटी मागून घेतली आणि मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं, कागदावर काय लिहिलं?

नसीमानं त्यांचा कागद काढून दाखवला. व्यसनाच्या रकान्यात 'मिश्री, बंद' असं लिहून तारीख घातली होती. बाईंनी तारखेवर बोट ठेवून ती वाचली आणि पाटी सुलाबाईच्या मांडीवर ठेवून डोळे मिटले. या बाई पुन्हा कधी ज्वारी खाणार नव्हत्या. ज्या रानात दुसरं काही फारसं पिकत नाही, तिथं त्या ती पेरणार, राखणार, मळणार आणि दुसऱ्याला वाढणार होत्या. तेवढं संस्थेनं त्यांच्याकडून घेतलं होतं, ते कुणी परत देऊ शकणार नव्हतं.

*

केळुसकरांची नळी संध्याकाळी काढली. चेहरा अजून सुजलेला होता, त्यामुळे त्यावर नेहमीचा भाव बसत नव्हता, पण ते बसवायचा प्रयत्न करत होते. नसीमा रक्ताचा अहवाल घेऊन आली तेव्हा त्यांनी हात वर केला.

त्यांनी पडल्या पडल्या सगळं ठरवून ठेवलं होतं. घोगऱ्या, तुटक आवाजात ते सांगत गेले. लेपाचा तो घाणा खराब निघाला. बुरशी असेल. पुरवठादारावर कारवाई होईल. समितीला तसं कळवायचं. आणि नसीमाचा सिद्धांत, तो तर आजच्या घटनेनं उलट खोटाच ठरला.

"विचार करा," ते म्हणाले. "तुमच्या मते सूज येते ती प्रकाशानं शिकवलं म्हणून. मी आजारी नव्हतो. निरोगी तोंडात प्रकाश काहीच शिकवत नाही. तरी मला सूज आली. म्हणजे सुजेचा आणि प्रकाशाचा संबंध नाही. साधं तर्कशास्त्र आहे."

नसीमानं अहवाल त्यांच्या पुढ्यात ठेवला. बुरशी नव्हती. त्यांच्या रक्तात ज्वारीच्या प्रथिनाविरुद्ध सैनिकपेशी होत्या, भरपूर आणि जुन्या. त्या पेशींच्या अंगावर संस्थेच्या साक्षीद्रव्याची खूण होती. जन्मभर न विसरणाऱ्या.

"तुमचं वाक्य बरोबर आहे, सर," ती म्हणाली. "निरोगी तोंडात प्रकाश काहीच शिकवत नाही."

ते विजयानं मान हलवायला लागले. मान अर्ध्यावर आली आणि तिथंच थांबली.

अंधुक खोलीत नसीमाला त्यांचा गाल दिसत होता. आतून जीभ हलली. उजव्या बाजूला गेली, मागं गेली, दाढांच्या वर काहीतरी चाचपू लागली. मग डावीकडं. तळमजल्यावर पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येक माणसाची जीभ अशीच गाठ शोधत फिरत असते. ती फिरताना बघायला केळुसकर कधी तळमजल्यावर उतरले नव्हते.

"कुठं होती?" त्यांनी विचारलं. मग जरा वेळानं, "गेली का सगळी?"

त्या इमारतीत त्यांनी उत्तर माहीत नसताना विचारलेला हा पहिलाच प्रश्न असावा.

"ते सांगता येणार नाही," नसीमा म्हणाली. "उद्घाटनाच्या दिवशी तुमच्या तोंडात कुणी बघितलंच नाही, सर. सगळे फोटो काढत होते."